जे त्यानं मला सांगितलं नाही

क्लिनिकल पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी आमच्या मेडिसिनच्या मॅडमनी आम्हाला एकही पेशंट दाखवला नाही. वॉर्डाला लागून एक रिकामी खोली होती. तिथल्या पलंगावर त्यांनी आमच्यातल्या एकाला झोपवलं आणि बाकीच्यांना भोवती उभं केलं.

"लांब का? अजून जवळ या," त्या म्हणाल्या. "रोज जसे उभे राहणार आहात, तसेच उभे राहा."

आमचे अ‍ॅप्रन नवे होते, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. गळ्यात स्टेथोस्कोप घालून सगळे आरशात बघून आलो होतो. पलंगावरचा मुलगा हसत होता, आम्हीही हसत होतो. मग मॅडम त्याच्याकडे न बघता आमच्याशी इंग्रजीत बोलायला लागल्या. याचं पोट बघा, छाती बघा, वजन किती असेल सांगा. आम्ही वाकून बघायला लागलो. थोड्या वेळानं त्या मुलाचं हसू गेलं आणि त्यानं शर्ट खाली ओढून घेतला.

"आता पुढचा," मॅडम म्हणाल्या.

असं करत सगळे झोपून उठले. माझी पाळी आली तेव्हा मला वर पंखा दिसला आणि त्याखाली गोल करून उभ्या असलेल्यांच्या हनुवट्या. माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि माझ्याशी कोणीच बोलत नव्हतं. उठून बसले तेव्हा कारण नसताना ओढणी सारखी करत राहिले.

त्यानंतर मॅडमनी आम्हाला शिकवलं ते कुठल्याही मोठ्या पुस्तकात पहिल्या पानावर नसतं. पलंगाशी गेल्यावर आधी नमस्कार. मग आपलं नाव, आणि आपण अजून शिकतोय हे लपवायचं नाही. हात लावण्याआधी विचारायचं. थंडीच्या दिवसांत हात चोळून गरम करायचे. पडदा ओढल्याशिवाय पेशंटच्या अंगावरचं कापड बाजूला करायचं नाही, आणि आपलं तपासून झालं की ते आपल्याच हातानं सारखं करून द्यायचं. वॉर्डात जे ऐकलं ते लिफ्टमध्ये, मेसमध्ये, बसमध्ये बोलायचं नाही.

"आणि पेशंट नको म्हणाला तर?" कोणीतरी विचारलं.

"तर थँक्यू म्हणून परत यायचं. तोंड वाकडं न करता. तो तुमच्यासाठी आजारी पडलेला नाही."

मॅडम समोर असल्या की आम्ही हे सगळं करायचो. नसल्या की घाईत काही राहून जायचं. कुणाचा पडदा अर्धा राहायचा, कुणी नाव सांगायला विसरायचा. आमच्या बॅचमधला एकच मुलगा असा होता, जो मॅडम असोत नसोत, हे सगळं तस्संच करायचा. तो कोकणातला होता. उंच, किडकिडीत, बोलायला मोजका. इकडची वऱ्हाडी बोली त्याला सुरुवातीला अजिबात कळायची नाही. एका आजींना त्यानं पोटावर हात ठेवू का म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "काऊन?" म्हणजे, कशाला? त्याला वाटलं त्या विचारतायत, कावलास का? तो गडबडून म्हणाला, "नाही आजी, मी कावलो नाही." आजी इतक्या हसल्या की शेजारच्या पलंगावरच्या बाईंनीही उठून विचारलं, काय झालं म्हणून. त्यानंतर तो वॉर्डातल्या मावशींकडून एकेक शब्द विचारून घ्यायला लागला.

तरी आम्हाला तो जरा ताठच वाटायचा. एकदा लिफ्टमध्ये आमच्यातला एक जण सकाळच्या पेशंटची गंमत सांगत होता. सांगण्यासारखी गंमत होती, सगळे हसत होते. हा म्हणाला, "इथं नको." एवढंच. लिफ्टमध्ये दोन बायका डबा घेऊन उभ्या होत्या, कुणाच्या तरी घरच्या. गंमत तिथंच थांबली. बाहेर पडल्यावर सगळ्यांनी त्याचीच नक्कल केली. महिनाभर जो तो एकमेकांना "इथं नको" म्हणत होता. तो ऐकून घ्यायचा. चिडला नाही आणि बदललाही नाही.

माझं नि त्याचं काही भांडण नव्हतं, पण मैत्रीही नव्हती. वर्गात एखादा असतो ना, ज्याच्याशी कामापुरतं बोलणं होतं, तसा.

मी हिंगणघाटची. आमचं बाजारात भांड्यांचं दुकान आहे. लग्नाच्या हंगामात स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून देण्याची गर्दी असते, आणि बाबांचा हात त्या कामात फार सफाईदार. दुकानातून ते कधी हलायचे नाहीत. मी वर्ध्याला शिकायला आले, ते अंतर बसनं तासा-सव्वा तासाचं, तरी वर्षात एखाद-दुसऱ्या वेळीच ते हॉस्टेलवर आले असतील.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आईचा फोन आला.

"तुया बाबाले दम लागून राह्यला. दुकानाच्या पायऱ्या चढले का बसूनच घेते."

"खोकला आहे?"

"हाये ना. संध्याकायी अंगही गरम राह्यते. म्हनते, धुळीनं होते. तू सांग बाई त्याईले, माहं नाई आयकत."

मी बाबांशी बोलले. त्यांनी मलाही धूळच सांगितली. शेवटी मीच शनिवारी घरी गेले आणि त्यांना बघून हादरले. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. दुसऱ्या कुणाला असं बघितलं असतं तर लगेच चार आजारांची नावं मनात आली असती. बाबांकडे बघून एकही आलं नाही. फक्त म्हटलं, सोमवारी माझ्याबरोबर चला.

ओपीडीत आमच्या मॅडमच होत्या. त्यांनी बाबांना तपासलं, एक्स-रे काढायला पाठवलं आणि छातीत पाणी झालंय, भरती व्हावं लागेल असं त्यांना समजावून सांगितलं. माझ्याकडे बघून नाही, बाबांकडे बघून. मग मला बाहेर बोलावलं.

"तुझी पोस्टिंग कुठं आहे सध्या?"

"सर्जरीत, मॅडम."

"बरं आहे. आता तू ठरव, या वॉर्डात तू विद्यार्थिनी म्हणून येणार आहेस की मुलगी म्हणून? दोन्ही एकदम जमत नाही. मी स्वतः करून बघितलंय, माझ्या आईच्या वेळी. धड काहीच होता येत नाही."

"मुलगी म्हणून," मी म्हटलं. म्हणताना रडू आलं.

"मग अ‍ॅप्रन काढून येत जा. फाईल बघायची नाही. काही विचारायचं असेल तर बाबांना विचार, त्यांनी हो म्हटलं तर मला विचार. मी सगळं नीट सांगेन."

मी अ‍ॅप्रन काढून पिशवीत ठेवला. त्या क्षणी तो काढायला कुणीतरी सांगितलं याचं मला किती बरं वाटलं, ते आजही आठवतं. निदान काय असेल, पुढं काय करायचं, ते सगळं आता दुसरं कुणीतरी बघणार होतं. मला फक्त बाबांची चप्पल पलंगाखाली सरकवायची होती आणि आईला फोन करायचा होता.

मेडिसिनची पोस्टिंग तेव्हा त्याची होती, त्या कोकणातल्या मुलाची. बाबांचा पलंग त्याच्याच वाट्याला आला. तो मास्क लावून आला, मला मान हलवून ओळख दिली आणि बाबांसमोर उभा राहून म्हणाला, "नमस्कार काका. मी शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी आहे. तुमच्या आजाराबद्दल थोडं विचारायचं होतं. आत्ता बोलवेल का तुम्हाला? दम लागत असेल तर नंतर येतो."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. दवाखान्यात आपल्याला अशी परवानगी मागतात हे त्यांना नवीन होतं.

"विचारा ना, डॉक्टर साहेब."

"अजून डॉक्टर नाही झालो," तो म्हणाला. मग त्यानं जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "बोलताना या इथं थांबल्या तर चालेल, की आपण दोघंच बोलू?"

मी थांबणारच, असं मी धरूनच चालले होते. बाबांनी माझ्याकडे न बघता चादर सारखी केली. मग म्हणाले, "जाय बेटा, तू चहा पिऊन ये."

मी उठले. मागं पडदा ओढल्याचा आवाज आला. व्हरांड्यात उभी राहून मी जरा घुश्शातच होते. माझे बाबा, माझा वॉर्ड, आणि मलाच बाहेर काढलं. चहा पिऊन आले तरी पडदा ओढलेलाच होता. आतून बाबांचा आवाज येत होता, शब्द नाही, नुसता आवाज. मध्ये मध्ये थांबणारा. दुकानात गिऱ्हाइकांशी ते असं कधी बोलत नसत.

त्या संध्याकाळी पाठीतून सुईनं पाणी काढलं. बाबांचा दम बराच हलका झाला. आई आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्जरीत असताना मॅडम त्यांची बॅच घेऊन बाबांच्या पलंगाशी आल्या. पुढचं मला आईनं सांगितलं.

"मॅडमनं म्हटलं, काका, ह्या पोराईले तुमची छाती तपासू देता का? शिकाचं हाय त्याईले. तुया बाबानं म्हटलं, आज नको. मले तं धस्स झालं. म्हटलं आता ह्या बाई रागावते. थ्या काय म्हनल्या मालूम? ठीक हाय काका, आराम करा. अन् चालले बी गेले सगळे. एका पोट्ट्यानं जाता जाता नमस्कार केला."

"मग?"

"मंग काय, तुये बाबा माह्याकडे पाहून राह्यले. म्हनते, नाई म्हटलं तरी चालते का व इथं!"

माझ्या वर्गातल्या एकीनं नंतर सांगितलं, व्हरांड्यात एक जण कुरकुरला होता की इतकी चांगली केस हातची गेली. मॅडमनी त्याला एवढंच विचारलं, "कोणाच्या हातची?"

पण माझ्या मनात त्या पडद्याआडचं बोलणं अडकून बसलं होतं. त्या दिवसापासून बाबा माझी नजर चुकवत होते. मी काही विचारलं की "बरं हाय, बरं हाय" म्हणायचे आणि कूस बदलायचे. टीबीचा संशय आहे हे मॅडमनी त्यांच्यासमोरच मला आणि आईला सांगितलं होतं. तो बरा होतो हेही सांगितलं होतं. मग एवढं काय होतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी मेसमध्ये तो एकटा जेवत बसला होता. मी समोर जाऊन बसले.

"बाबा काय म्हणाले तुला?"

त्यानं पोळीचा तुकडा हातातच ठेवला. "कशाबद्दल?"

"परवा. मला बाहेर पाठवलंत तेव्हा. काहीतरी आहे, जे ते मला सांगत नाहीयेत."

"मग त्यांनाच विचार ना."

"विचारलं. सांगत नाहीत. म्हणून तुला विचारतेय. मी काय परकी आहे? मी मुलगी आहे त्यांची. आणि त्याच कॉलेजात शिकते, मला सांगितलंस तर काय बिघडणार आहे?"

"मी मॅडमना सांगितलंय. उपचारासाठी त्यांना कळणं गरजेचं होतं, आणि तसं मी काकांना आधी सांगूनच केलं. तू काळजी करू नकोस. उपचारात काही राहून जाणार नाही."

"म्हणजे काहीतरी आहे."

तो ताटाकडे बघायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आजूबाजूचे बघायला लागले. माझ्या दोन मैत्रिणी येऊन बसल्या आणि त्याही त्याला म्हणाल्या, अरे सांग ना, तिचे वडील आहेत, एवढं काय. तो उठला, पाण्याचा ग्लास भरून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "मला नाही सांगता येणार. सॉरी." ताट तसंच घेऊन गेला.

मला त्याचा इतका राग आला होता की दोन दिवस तो व्हरांड्यात समोरून आला तर मी मान वळवायचे. मैत्रिणींनीही त्याला जरा वाळीत टाकल्यासारखंच केलं. तो रोज सकाळ-संध्याकाळ बाबांच्या पलंगाशी जातच होता. आई म्हणायची, थो कोकनातला पोरगा लय चांगला हाय, उशी सारखी करून देते, जाताना विचारते का काका अजून काही पाहिजे का. मी विषय बदलायचे.

मग एका दुपारी मी गेले तर बाबा पलंगावर नव्हते. वॉर्डाच्या मागं मोकळी जागा आहे, कडूनिंबाखाली सिमेंटचे बाक आहेत. तिथं ते मास्क लावून बसले होते. थोड्या अंतरावर दुसऱ्या झाडाशी तो उभा होता, अ‍ॅप्रन नव्हता अंगावर. मला बघून तो जवळ आला नाही आणि गेलाही नाही.

"बस," बाबा म्हणाले. "तुले एक सांगाचं हाय. मीच त्याले म्हटलं, तू थांब तिथं. एकट्याले धीर होत नव्हता."

मी बसले. बाबांनी मास्क नीट केला.

"मले हे पयले झालतं," ते म्हणाले. "तुया मायचं अन् माहं लगन जमाच्या आधी. असाच खोकला, असाच ताप. वर्ध्यालेच येऊन दाखोलतं. टीबी म्हनले. गोळ्या चालू केल्या. घरात फक्त माह्या बापाले मालूम होतं. काही महिने खाल्ल्या, बरं वाटाले लागलं. मंग तुया मायकडचे पाहाले येनार होते. घरात गोळ्या दिसल्या तं लगन मोडते, म्हून नेऊन फेकल्या साऱ्या. मंग कवाच खाल्ल्या नाई. कोनाले सांगतलंही नाई."

 गोळ्या अर्धवट सोडल्या की जंतू पुढं औषधाला दाद देईनासे होऊ शकतात हे मला पाठ होतं, आणि ते सगळं मनात एकदम गर्दी करून आलं. पण मी तिथं मुलगी म्हणून बसले होते. मी त्यांचा हात हातात घेतला.

"बाबा, मला का नाही सांगितलंत? मी तर इथंच शिकते."

"म्हूनच," ते म्हणाले. "दुसऱ्या कोन्या डॉक्टरले सांगतलं असतं. आपली पोरगी डॉक्टर होऊन राह्यली, तिले कसं सांगाव का तुया बापानं अडान्यासारखं केलं?" मग त्यांनी मान त्या झाडाकडे केली. "ह्या पोरानं विचारलं, काका, पयले कधी असं झालतं का? अन् विचारून गप बसला. घाई नाई केली. मले वाटलं, आता सांगून टाकाव. मी त्याले म्हटलं, माह्या पोरीले सांगू नको. थो म्हनला, मॅडमले सांगाच लागन, औषध त्याच्यावर ठरते. बाकी कोनाले नाई. मंग मॅडम सोता येऊन बसल्या माह्याजवळ. रागावल्या नाई. म्हनल्या, घरच्याईची तपासनी कराच लागन, म्हून घरी सांगनं बरं, पन सांगाचं तं तुम्ही सांगा. आमी नाई सांगनार."

"आणि तो?"

"थो रोज येऊन विचारे, काका, जमलं का? नाई म्हटलं का म्हने, बरं, उद्या. काल म्हनला, मी बाजूले उभा राहू का? म्हून आज बोलावलं."

मी झाडाकडे बघितलं. तो पाठ करून उभा होता, आमचं बोलणं कानावर पडू नये म्हणून असावं.

आईला सांगणं जास्त अवघड गेलं. ते बाबांनी त्याच संध्याकाळी केलं, मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. आई ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "मले सांगतलं असतं तं मी काय नाई म्हटलं असतं?" आणि थोड्या वेळानं, जरा हळू आवाजात, "म्हटलंही असतं. माह्या बापानं तं म्हटलंच असतं." ती डबा घेऊन हिंगणघाटला निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. दुकान उघडून बसली होती म्हणे. बाबा दिवसभर दाराकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती आली, भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन, आणि बाबांशी एक शब्द न बोलता सरळ त्या मुलाकडे गेली.

"गोळ्या कवा कवा घ्याच्या, थे मले सांगजो, बाप्पा. त्याईच्या भरोशावर नको ठेवू."

त्यानं तिला बाकावर बसवून सगळं सांगितलं. कोणती उपाशीपोटी, कशानं लघवी लाल होते आणि त्यात घाबरायचं नाही, मळमळलं तर काय करायचं, डोळ्यांपुढं अंधुक झालं तर लगेच यायचं. आई विचारत होती, तो सांगत होता. मध्येच त्याच्या तोंडून "हाव ना, काकू" निघून गेलं. आई पहिल्यांदा हसली.

तपासण्यांत नेहमीच्या औषधांना दाद देणारेच जंतू निघाले. माझी आणि आईची तपासणी स्वच्छ आली. ते कळलं तेव्हा मॅडमनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही आधीचं सांगितलंत म्हणून आम्हाला नीट पारखून औषध देता आलं." बाबांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी जरा ताठपणा बघितला. चांगला ताठपणा.

त्याच दिवशी त्यांनी स्वतःहून निरोप पाठवला, पोराईले याचं असन तं येऊ द्या. बॅच आली. मास्क लावलेली मुलं-मुली एकेक करून नाव सांगत, विचारत, त्यांच्या पाठीवर बोटानं ठोकून आवाज ऐकत होती. पाणी काढल्यावर थोडं उरलं होतं, तेवढं त्यांना सापडत होतं. एक मुलगी सारखी बोटं उचलून परत ठेवत होती. बाबा तिला म्हणाले, "आरामात कर बेटा, मले कुठी जाचं नाई." आणि एक जण पडदा न ओढताच सदरा वर करायला निघाला, तेव्हा म्हणाले, "आधी थो पडदा ओढ, भाऊ." मॅडम तोंडावर हात ठेवून हसल्या.

मी त्या मुलाला भेटले ते वॉर्डाच्या बेसिनपाशी. तो हात धूत होता. मी बाजूला उभी राहिले. काय म्हणायचं ते ठरवून आले होते, पण ऐन वेळी नुसतं "थँक्यू" निघालं.

"तुझे बाबा धीराचे आहेत," तो म्हणाला.

"मला तुझा फार राग आला होता."

"माहीत आहे." त्यानं नळ बंद केला. "मेसमध्ये तू रडायला लागलीस तेव्हा मला वाटलं, सांगून टाकावं. अगदी तोंडावर आलं होतं. म्हणून उठून गेलो."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्याला ते सोपं गेलं नव्हतं. तो ताठ आहे म्हणून गप्प बसला, असं मी धरून चालले होते. दोन दिवस मी आणि माझ्या मैत्रिणींनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती, आणि एका वाक्यात त्याला ते संपवता आलं असतं. एका भांडेवाल्याला दिलेल्या शब्दासाठी त्यानं ते संपवलं नाही.

आता तो त्याच्या गावाकडे सरकारी दवाखान्यात आहे. मी इथंच जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात काम करते. पेशंटबरोबर घरचे आत येतात तेव्हा मीही विचारते, हे थांबले तर चालेल, की आपण दोघंच बोलू? पुष्कळदा घरच्यांचे चेहरे उतरतात. मी त्यांना चहा कुठं चांगला मिळतो ते सांगते. आणि पडदा ओढल्यावर माणसं काय काय सांगतात, त्यातलं काही इथं लिहिणार नाही. बाबांचं लिहिलं, तेही त्यांना विचारून. "लिही ना," ते म्हणाले, "पन त्या पोराचं चांगलं लिहिजो."

औषधाचा कोर्स संपला त्या दिवशी बाबा आणि मी मॅडमना दाखवायला गेलो होतो. बाबांचं वजन भरून आलं होतं. मॅडमनी छाती तपासली, एक्स-रे उजेडासमोर धरून त्यांनाही दाखवला आणि उठून हात जोडले. म्हणाल्या, "काका, तुम्ही माझ्या मुलांना शिकू दिलंत. आभारी आहे." बाबांना काय करावं कळेना. डॉक्टरनं आपल्याला हात जोडावेत, हे त्यांना झेपत नव्हतं. त्यांनीही हात जोडले, आणि बराच वेळ तसेच जोडून ठेवले.

परत येताना बसस्टँडवर हिंगणघाटच्या बसची वाट बघत होतो. बाबा म्हणाले, "हे तुमाले परीक्षेत विचारते का व? पडदा ओढाचा, नमस्कार कराचा, कोनाचं कोनाले सांगाचं नाई, असं?"

"विचारतात," मी म्हटलं. "पण थोड्याच मार्कांना असतं."

त्यांनी बस येते का ते वाकून बघितलं.

"तेवढ्यासाठी कोनी एवढं करत नाई," ते म्हणाले.

तेवढ्यात बस लागली. गर्दी होती, पण बाबा माझ्या आधी चढले, दम न लागता, आणि आतून हात करून म्हणाले, "ये लवकर, जागा धरली."